अंगुलिमालाचे थांबणे : सुत्त, अट्ठकथा आणि बाबासाहेबांचा पाठ

वर्षावासाच्या तीन महिन्यांत गावोगावच्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होत असते. पतित व गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेचा भाग आला की श्रोतृवर्ग एकदम सावध होतो, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. अंगुलिमालाची कथा लहानथोर सर्वांस ठाऊक असते. परंतु वाचन संपून विवेचनास प्रारंभ झाला म्हणजे बहुधा असे घडते की, ग्रंथातून वाचली गेलेली कथा एक असते आणि समजावून सांगितली जाणारी कथा दुसरीच असते. ग्रंथात कोठेही नसलेला तक्षशिलेचा आचार्य विवेचनात अवतरतो, हजार बोटांची गुरुदक्षिणा येते, जेवण घेऊन निघालेली वृद्ध माता येते, आणि शेवटी उपासकांस सांगितले जाते की ज्याचा मनावर ताबा नाही त्याचा अंगुलिमाल होतो. अलीकडे या तात्पर्यास व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतील भाषेचीही जोड मिळू लागली आहे. इच्छाशक्ती असली की सर्व काही साधते, अपयशी माणूस स्वतःच्या दुबळ्या मनामुळे अपयशी असतो, असे ऐकून दहावी-बारावीत अडखळलेली आमची मुले खाली मान घालून विहारातून बाहेर पडतात. ते दृश्य आम्हांस अस्वस्थ करते. म्हणून या कथेच्या तीन पाठांचा, म्हणजे मूळ सुत्त, त्यावरील अट्ठकथा आणि बाबासाहेबांचे लेखन यांचा, एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. माणूस कशाने घडतो आणि एकदा घडलेला माणूस कशाने बदलतो, हा तो प्रश्न होय.

मज्झिमनिकायातील अंगुलिमालसुत्त (क्रमांक ८६) वाचताना प्रथम जाणवते ते त्यातील मौन. कोसल देशात पसेनदी राजाच्या राज्यात एक दरोडेखोर आहे, त्याने गावे व निगम ओस पाडले आहेत, मारलेल्या माणसांच्या बोटांची माळ तो गळ्यात घालतो, एवढेच सुत्तकार सांगतो. तो असा का झाला, याविषयी एक शब्दही नाही. पुढे राजा त्याचे कुल विचारतो तेव्हा पिता गग्ग आणि माता मन्ताणी ही दोन नावे तेवढी कळतात. गुराखी, मेंढपाळ, शेतकरी भगवंतांस त्या वाटेने जाऊ नका म्हणून विनवितात. दहा, वीस, तीस, चाळीस जणांचे जथेही त्याच्या हाती सापडले आहेत असे बजावतात. भगवंत काही न बोलता चालत राहतात. अंगुलिमाल शस्त्रे घेऊन पाठलाग करतो, पण आपल्या नेहमीच्या गतीने चालणाऱ्या या श्रमणास त्याला गाठता येत नाही. तो ओरडून थांबण्यास सांगतो. चालता चालता भगवंत उत्तर देतात की, आपण केव्हाच थांबलो आहोत, थांबावयाचे आहे ते त्याने.

यातील ऋद्धीचा भाग क्षणभर बाजूस ठेवला तरी प्रसंगाचे मर्म कमी होत नाही. हत्ती, घोडा, रथ, हरिण यांना धावून गाठणाऱ्या माणसास प्रथमच असा कोणी भेटतो की जो त्याला भिऊन पळत नाही व त्याच्यावर शस्त्रही उगारीत नाही. त्याच्या आयुष्याची घडण ज्या दोन प्रतिसादांवर झाली होती, ते दोन्ही प्रतिसाद येथे मिळत नाहीत. सुत्तकाराने कारणमीमांसा केली नसेल. परंतु परिवर्तनाची सुरुवात कोठे होते, हे मात्र त्याने नेमके दाखविले आहे.

हे मौन पुढील काळास मानवले नाही. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात आचार्य बुद्धघोषांनी अट्ठकथा सिद्ध केल्या, त्यांत या मौनाची जागा एका सविस्तर पूर्वकथेने घेतली. तीनुसार हा मुलगा कोसलराजाच्या पुरोहिताचा पुत्र. त्याचा जन्म चोरनक्षत्रावर झाला आणि त्या रात्री नगरातील शस्त्रे झळाळून उठली. अनिष्ट टळावे म्हणून त्याचे नाव अहिंसक ठेवले गेले. तक्षशिलेस तो अध्ययनात व आज्ञापालनात सर्वांच्या पुढे गेला, सहाध्यायांच्या मनात मत्सर उत्पन्न झाला, त्यांनी आचार्याचे कान भरले, आणि आचार्याने त्याचा नाश व्हावा या हेतूने सहस्र माणसांच्या वधाची दक्षिणा मागितली. विहारांतून सांगितली जाते ती हीच कथा.

साहित्य म्हणून ती रोचक आहे यात शंका नाही. परंतु तिच्यात एकमेकांशी न जुळणारी दोन कारणे एकत्र बांधलेली आहेत, हे आमच्या विवेचनकारांच्या लक्षात येत नाही. नक्षत्र खरे मानले तर आचार्याचा दोष उरत नाही. आचार्याचा दोष खरा मानला तर नक्षत्राची गरज उरत नाही. यांपैकी पहिले कारण आम्हांस सर्वथा त्याज्य वाटते. जन्माच्या घटकेवरून माणसाचे शील ठरविणे ही कल्पना बुद्धवचनाशी विसंगत आहे, कारण कर्माने माणूस ब्राह्मण होतो, जन्माने नव्हे, ही देसना त्याच मज्झिमनिकायात आलेली आहे.

आणि ही कल्पना केवळ जुन्या पोथीत राहिलेली नाही. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला व १९११ च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात विस्तारला. विशिष्ट जमातीत जन्मास आलेले मूल जन्मतःच गुन्हेगार, असे शासनाच्या दप्तरात लिहिले जाऊ लागले. चोरनक्षत्राचेच ते सरकारी रूप होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, तरी पोलीस पाटलापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांच्या मनातील शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले व पुढील वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांस काम मिळत नाही, जमीन नाही, गावात उभे राहू दिले जात नाही, त्यांच्या घरात चोरीची विद्या कशी शिकविली जाते, हे त्या ग्रंथात जे वाचावयास मिळते ते कोणत्याही नक्षत्रात सापडणार नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत गुन्हेगार ठरविलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य यांचा एकत्र उल्लेख केला आहे, आणि असे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे.

जाता जाता एका साम्याचा उल्लेख केला पाहिजे. महाराष्ट्रात वाल्या कोळ्याची कथा घरोघरी सांगितली जाते आणि आमचे काही वक्ते अंगुलिमालास त्याच साच्यात ओततात. वाल्याच्या कथेत दरोडेखोराच्या नावाशी जात कायमची चिकटलेली आहे, आणि त्याची मुक्ती नामजपाने होते. अंगुलिमाल अट्ठकथेनुसार पुरोहितपुत्र आहे. पण कोणी 'अंगुलिमाल भट' असे म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

अट्ठकथेतील दुसरे कारण अधिक विचारार्ह आहे. त्यात अहिंसक क्रोधाने किंवा लोभाने मारीत नाही. तो आज्ञा पाळतो. हाती घेतलेले कार्य तो सोडत नाही, वनात एकाकी राहतो, भूक, थंडी, भय सहन करतो, संख्या चुकू नये म्हणून हिशेब ठेवतो. आजच्या शिबिरांतून ज्यांची महती गायिली जाते ते सर्व गुण, म्हणजे ध्येयनिष्ठा, चिकाटी, शिस्त आणि इंद्रियांवरील ताबा, त्याच्या अंगी पुरेपूर आहेत. एकलव्याने स्वतःचा अंगठा दिला. याने परक्यांची बोटे आणली. दोहोंतही शिष्याच्या निष्ठेची परीक्षा घेणारा गुरू आहे आणि ती निष्ठा कोणाच्या उपयोगी पडते हा प्रश्न विचारावयास बंदी आहे. इंग्लंडचे पाली पंडित रिचर्ड गोम्ब्रिच यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात तर असे सुचविले की अंगुलिमाल हा एखाद्या आद्य शैव-शाक्त पंथाचा व्रतस्थ उपासक असावा. हे मत एका गाथेतील शब्दाच्या पाठदुरुस्तीवर बरेचसे अवलंबून असल्याने आम्हांस ते स्वीकारवत नाही. पण ते खरे धरले तरी आमचा मुद्दा बळकटच होतो. संयम ही स्वतः कुशल वा अकुशल वस्तू नाही. ज्या दृष्टीच्या सेवेत तो उभा असेल, तिच्यावरून त्याचे मोल ठरते. अष्टांगिक मार्गात व्यायामाच्या अगोदर दृष्टी आणि संकल्प आलेले आहेत, हा क्रम विनाकारण नाही.

येथे मनोनिग्रहाचा प्रश्न थोडा खोलात जाऊन पाहिला पाहिजे, कारण याच ठिकाणी सर्वांत जास्त गोंधळ आहे. आमच्याकडे संयम म्हणजे मनास दाबणे, दात-ओठ खाऊन वासनेशी झुंजणे, असा अर्थ रूढ आहे. तो परंपरेने आलेल्या तपश्चर्येच्या कल्पनेतून आला आहे. मज्झिमनिकायातील वितक्कसण्ठानसुत्तात (क्रमांक २०) अकुशल विचार दूर करण्याचे पाच उपाय सांगितले आहेत. पहिला उपाय असा की, अकुशल विचाराच्या जागी दुसरा कुशल विषय आणावा. जाड खुंटी काढण्यासाठी सुतार बारीक खुंटी ठोकतो, तसे. दुसरा, त्या विचाराचे दुष्परिणाम पाहावे. तिसरा, त्याकडे लक्षच देऊ नये. चौथा, त्या विचाराची घडण हळूहळू शमवावी. या चौथ्या उपायास दिलेला दृष्टांत आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. भराभर चालणाऱ्या माणसास आपण एवढी घाई कशासाठी करीत आहोत असा प्रश्न पडतो. मग तो सावकाश चालतो, मग थांबतो, मग बसतो, मग आडवा होतो. दातांवर दात आवळून, जीभ टाळूस लावून मनाने मनास चिरडणे हा पाचवा, सर्वांत शेवटचा उपाय आहे. बोधिसत्त्वांनी ज्ञानप्राप्तीपूर्वी केलेल्या निष्फळ देहदंडाच्या वर्णनातही, म्हणजे महासच्चकसुत्तात (क्रमांक ३६), हाच दात आवळण्याचा प्रकार आलेला आहे. तेथे त्याने शरीर थकले, चित्तास शांती लाभली नाही.

चौथ्या उपायातील चालणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून अंगुलिमालाकडे पुन्हा पाहावे. भगवंत त्याला पकडीत नाहीत, बांधीत नाहीत, शापही देत नाहीत. धावणाऱ्याच्या मनात आपण का धावतो आहोत हा प्रश्न ते उभा करतात. अर्हत्पद प्राप्त झाल्यावर अंगुलिमालाच्या तोंडी ज्या गाथा आहेत, त्यांतही दमनासाठी पाटाने पाणी नेणारे पाटकरी, बाण सरळ करणारे कारागीर आणि लाकूड घडविणारे सुतार यांचे दृष्टांत येतात. पाटकरी पाण्याशी भांडत नाही; उताराचा अंदाज घेऊन वाट काढून देतो. आणि तो स्वतःच सांगतो की काहींना दंडाने, अंकुशाने, चाबकाने वठणीवर आणले जाते, आपल्याला मात्र ज्याच्या हाती दंड वा शस्त्र नव्हते अशाने दमविले. राजा पसेनदीही जेतवनात हीच कबुली देतो. शे-पाचशे घोडेस्वार घेऊन निघालेल्या राजास जे साधले नाही, ते निःशस्त्र श्रमणाने साधले.

आता बाबासाहेबांच्या पाठाकडे वळू. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात त्यांनी अट्ठकथेतील पूर्वकथा पूर्णपणे वगळली आहे. नक्षत्र नाही, आचार्य नाही, दक्षिणा नाही. ते सुत्ताच्या मौनाकडे परततात. परंतु भेटीच्या प्रसंगी त्यांनी भगवंतांच्या मुखी सुत्तात नसलेली एक गोष्ट घातली आहे. ती अशी की, अंगुलिमालास सन्मार्गावर आणण्यासाठीच आपण त्याच्या मागावर आहोत. त्याच्यातील चांगुलपणा अद्याप मेलेला नाही, त्याला एक संधी दिली तर तो त्याचे परिवर्तन घडवील. आणि अंगुलिमालही तत्काळ मुक्त झाल्याचे सांगत नाही. स्वतःस पारखून पाहण्यास आपण तयार आहोत, एवढेच तो म्हणतो. ग्रंथवाचन करणारे या वाक्यांवरून घाईने पुढे जातात. आमच्या मते संपूर्ण कथेचा कणा येथे आहे.

काही पालीज्ञ बंधूंनी या भरीविषयी नापसंती व्यक्त केली आहे. मुळात नसलेले शब्द भगवंतांच्या तोंडी घालणे योग्य नव्हे, आणि माणसाच्या आत न मरणारा चांगुलपणा मानणे म्हणजे मागच्या दाराने आत्मा आणणे होय, असे त्यांचे दोन आक्षेप आहेत. पहिला आक्षेप शब्दापुरता खरा आहे. मूळ पाठ आणि बाबासाहेबांचा पाठ यांतील भेद अभ्यासकांनी स्पष्ट सांगितलाच पाहिजे. तो लपविण्यात श्रद्धा नाही. परंतु दुसरा आक्षेप टिकत नाही. अंगुत्तरनिकायाच्या षट्कनिपातात (सुत्त ६२) भगवंत एका माणसाविषयी म्हणतात की, त्याचे कुशल धर्म लोपले आहेत, अकुशल धर्म समोर आले आहेत, तथापि त्याचे कुशलमूळ तुटलेले नाही. दृष्टांत बीजाचा आहे. न किडलेले, न कुजलेले बी चांगल्या मशागत केलेल्या शेतात पडले तर उगवते. बी म्हणजे आत्मा नव्हे. शेत, पाणी, ऋतू यांविना ते बी काहीच नाही. ते प्रत्ययांवर अवलंबून आहे, आणि म्हणूनच त्याला संधी द्यावी लागते. आत्म्यास संधीची काय गरज? त्याच सुत्तात देवदत्ताचा उल्लेख आहे आणि त्याच्या ठायी केसाच्या टोकाएवढेही कुशल उरले नव्हते असे कठोर वचनही आहे. म्हणजे भगवंतांचा आशावाद भाबडा नव्हता. बाबासाहेबांनी सुत्तात जे घातले ते बुद्धवचनाबाहेरचे नाही, असा निर्णय आम्ही यावरून करतो.

या भरीचे मूळ बाबासाहेबांच्या स्वतःच्या विचारातही फार मागे जाते. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या भाषणात, जे लाहोरच्या जातपात तोडक मंडळापुढे होऊ शकले नाही, त्यांनी माणसाचे सामर्थ्य तीन गोष्टींवर अवलंबून असल्याचे सांगितले आहे : शारीरिक आनुवंशिकता, मातापित्यांची निगा, शिक्षण व संचित ज्ञान यांच्या रूपाने समाजाकडून मिळणारा वारसा, आणि स्वतःचे प्रयत्न. शिबिरांतील वक्ते यांतील तिसरीच गोष्ट तेवढी उचलतात. समाजाकडून मिळणारा वारसा ज्यांना मिळालाच नाही त्यांना केवळ प्रयत्नाच्या मापाने मोजणे अन्यायाचे होय, असा बाबासाहेबांच्या तेथील युक्तिवादाचा रोख आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्तातही राजा निर्धनांना धन देत नाही, तेथून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या अशी कारणमालिका दिलेली आहे. धम्मपदातील स्वावलंबनाच्या गाथा उच्चारताना हे सुत्त विसरले जाते.

उलट बाजूचा अतिरेकही आम्ही पाहतो, तो सांगितला नाही तर हे विवेचन लंगडे होईल. आमच्या काही तरुण मित्रांस वाटते की सर्व दोष व्यवस्थेचा आहे. दारू, हाणामारी, घरातील स्त्रीवर हात उगारणे, यांचेही उत्तरदायित्व व्यवस्थेवर टाकून ते मोकळे होतात. बाबासाहेबांनी तिसरी गोष्ट वगळलेली नाही. त्यांचा अंगुलिमाल कोणावरही दोष ढकलीत नाही. मी स्वतःस पारखतो असे म्हणतो. चेतना म्हणजेच कर्म, हे बुद्धवचन याच जागी लागू पडते. समाजाने माणसास वाट दिली नाही हे खरे असते, आणि पंचशील घेतल्यावर ग्लास खाली ठेवणारा हात त्याचाच असतो हेही खरे असते.

कथेचा उत्तरार्ध आमच्या विवेचनांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. भिक्खू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेस जातो तेव्हा कोणी ढेकूळ मारतो, कोणी दांडका, कोणी खापर. फुटलेल्या डोक्याने, फुटक्या पात्राने, फाटलेल्या चीवराने तो परत येतो, आणि भगवंत त्यास सहन करण्यास सांगतात. मूळ सुत्तात यास कर्मविपाकाची जोड आहे. आम्हांस येथे मारणारांचा विचार करावासा वाटतो. त्यांत कोणाचा बाप, कोणाचा भाऊ त्या माळेत गेला असेल. चित्त बदलले म्हणून गेलेली माणसे परत येत नाहीत, आणि त्यांच्या आप्तांनी ते तत्काळ मान्य करावे असा आग्रह सुत्तकार धरीत नाही. अंगुलिमालाच्या संयमाची खरी कसोटी जेतवनातील ध्यानात झाली नसून त्या गल्लीत झाली. पूर्वी ज्या हाताने चाळीस जणांचे जथे कापले, तो हात ढेकळाला उत्तर देत नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात याचा आणखी एक परिणाम नोंदलेला आहे. त्याला चीवरात पाहून लोक भ्याले, पळाले, कुरकुरले. आणि भगवंतांनी नियम केला की यापुढे अशा कुप्रसिद्ध दरोडेखोरास प्रव्रज्या देऊ नये. ज्याच्या परिवर्तनाची गाथा आम्ही गातो, त्याच्या पाठोपाठ ते दार बंद झाले. यात विसंगती पाहणारे आहेत. आम्हांस यात संघाची समाजाशी असलेली बांधिलकी दिसते. भिक्षेवर जगणाऱ्या संघास लोकांचे भय अव्हेरून चालत नाही, आणि चीवर हे दंडापासून लपण्याचे ठिकाण होऊ देता येत नाही. परंतु हा नियम प्रव्रज्येपुरता आहे. त्रिसरण व पंचशील यांस तो लागू नाही.

म्हणूनच इंग्लंडमधील बौद्धांनी १९८५ साली कारागृहांतील बंद्यांसाठी सुरू केलेल्या धम्मसेवेस 'अंगुलिमाल' हे नाव दिले, ते उचित वाटते. आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांच्या नियमावल्यांतील जातीनुसार कामे वाटून देणाऱ्या आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. प्रजासत्ताकाच्या पंचाहत्तराव्या वर्षापर्यंत कारागृहाच्या भिंतीआड चोरनक्षत्र शाबूत होते, असा याचा अर्थ होतो. तेथून सुटलेला माणूस एखाद्या पौर्णिमेस विहाराच्या दाराशी येऊन उभा राहतो तेव्हा आमचे विश्वस्त प्रथम त्याचे आडनाव विचारतात, हे आम्ही पाहिलेले आहे. पुढील वर्षावासात हे प्रकरण वाचले जाईल तेव्हा विवेचनकारांनी तक्षशिलेचा आचार्य बाजूस ठेवून, भगवंतांच्या तोंडी बाबासाहेबांनी घातलेल्या त्या संधीच्या वाक्यापासून ढेकळाच्या प्रसंगापर्यंतचा भाग दोनदा वाचावा, एवढी विनंती आम्ही करतो.